पगाराची तारीख आणि मालकाची नजर

2021 सालच्या दिवाळीच्या तोंडावर राज्य परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी जो संप आरंभिला आणि जो पुढल्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत रेंगाळत राहिला, त्या संपात वाशीम जिल्ह्यातील आमच्या मालेगावाची जी कुचंबणा झाली, तिची कल्पना मुंबईच्या लोकलगाडीत वाढलेल्या वाचकास सहसा यावयाची नाही. (नाशिककडील प्रसिद्ध मालेगावाशी या गावाचा नामसाधर्म्यापलीकडे काही संबंध नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.) अकोल्याहून वाशीमकडे जाणारा आणि मेहकराकडून शेलूबाजार-कारंज्यावरून नागपूरकडे जाणारा असे दोन हमरस्ते जेथे एकमेकांस छेदतात, तेथे हे तालुक्याचे गाव वसले आहे. अकोला-पूर्णा लोहमार्गावरील जऊळका स्थानक तालुक्यात असले तरी गावापासून काही मैल दूर. त्यामुळे कॉलेजातला विद्यार्थी, अकोल्याच्या इस्पितळात जाणारा रोगी, वाशीमच्या कोर्टात तारीख असलेला पक्षकार आणि शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचा यात्रेकरू या सर्वांचा भार वाहावयाचा तो एसटीनेच. संप मिटला, गाड्या पूर्ववत धावू लागल्या. परंतु चाकरी करणाऱ्या माणसाचे मन कामावर कशाने बसते आणि कशाने उठते, हा जो प्रश्न त्या संपाने गावात सोडून दिला, तो दोन वृद्ध स्नेह्यांमध्ये अद्याप धुमसतो आहे.

त्यांपैकी एक, बाजार समितीच्या आवारात आडतीचे दुकान चालवणारे शेठजी. दुसरे, महसूल खात्यातून 2009 साली अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले भाऊसाहेब. सोयाबीनची हर्रास आटोपून मापाऱ्यांची गडबड निवली, म्हणजे शेठजींच्या गादीवर ही बैठक जमते. तेथे ऐकलेला एक संवाद, त्यातला वऱ्हाडी बोलीचा ठसका गाळून, पुढे मांडतो. ठसका गाळला याचे मलाही वाईट वाटते. पण तो कागदावर आणावयास जी लेखणी लागते, ती माझी नव्हे.

शेठजी : भाऊसाहेब, त्या एसटीवाल्यांच्या मनाचा थांग मला अजून लागलेला नाही. 24 नोव्हेंबर 2021 रोजी सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली. 10 वर्षांच्या आत नोकरी झालेल्यास 5,000 रुपये, 10 ते 20 वर्षे झालेल्यास 4,000, आणि 20 वर्षांवर गेलेल्यास 2,500. माझ्या दिवाणजीला मी एकदम 5,000 वाढवून दिले, तर दुसऱ्या दिवशी तो कुलूप काढण्याआधी पायरीवर येऊन बसेल. ही माणसे मात्र बहुतांशी हलली नाहीत. शेवटी 7 एप्रिलला हायकोर्टाने 22 एप्रिलची मुदत घालून दिली, तेव्हा कामावर आली. पैसा पुढे करूनही जो माणूस येत नाही, त्याचे दुखणे पैशाचे नव्हे, एवढे तरी कबूल कराल की नाही?

भाऊसाहेब : दुखणे पैशाचेच होते. तुम्ही फक्त रकमेकडे पाहिले, ते तारखेकडे पाहत होते. त्यांची मुख्य मागणी कोणती? महामंडळ राज्य शासनात विलीन करा. ती का, हे शांतपणे पाहा. माझा पगार कोषागारातून निघे. तालुक्यात वसुली झाली काय, बुडाली काय, त्याचा माझ्या चुलीशी संबंध नसे. एसटीच्या वाहकाचा पगार निघतो तो तिकिटांच्या गल्ल्यातून. टाळेबंदीत गाड्या उभ्या राहिल्या, गल्ला आटला आणि पगार लांबत गेला. घराचे भाडे, मुलाची फी, सोसायटीचा हप्ता, ही सगळी देणी आपापल्या दिवशी दारात उभी राहतात. येणे तेवढे अनिश्चित. शेठजी, मृगात पाऊस किती इंच पडला यापेक्षा तो कोणत्या दिवशी पडला याला किती मोल आहे, हे सोयाबीनच्या व्यापाऱ्याला मी सांगावयास नको. दुबार पेरणी करून बसलेल्या शेतकऱ्याला पुढे धो-धो पाऊस मिळाला, म्हणून त्याचे पहिले बियाणे थोडेच परत येते?

शेठजी : पण दर महिन्याच्या 10 तारखेच्या आत पगार देण्याची हमी त्याच घोषणेत होती!

भाऊसाहेब : होती. ज्याने आधी तारीख चुकवली, त्याच्याच तोंडची. म्हणून त्यांना हमीदार बदलून हवा होता.

शेठजी : बरे, तारखेचे तुमचे मान्य. आता माझे एक ऐका. ज्याने 20 वर्षांहून अधिक काळ मेडशीच्या जंगलातून रात्रीबेरात्री गाडी हाकली, त्याला सर्वांत कमी वाढ. आणि जो काल-परवा भरती झाला, त्याला सर्वांत जास्त. हा हिशेब ज्या कोणी मांडला असेल, तो गणितात पक्का असेल. माणसांत कच्चा आहे.

भाऊसाहेब : नव्या भरतीचा पगारच इतका अल्प होता, की त्याला अधिक देणे न्याय्यच होते. जुन्याचा मूळ पगार आधीच वर गेलेला. फरक कमी करावयाचा तर असाच आकडा निघतो.

शेठजी : मी आकडा चूक म्हणत नाहीच. माझ्याकडे दोन हमाल आहेत, एक माझ्या वडिलांच्या वेळचा, एक गेल्या वर्षीचा. नव्याला जास्त देण्याची पाळी आली, तर मी आधी जुन्याला गादीवर बसवीन, चहा पाजीन, आणि असे का करतो आहे ते सांगेन. एवढे सांगितल्यावर तोच नव्याची शिफारस करील. वर्तमानपत्रात वाचून कळले, म्हणजे 2,500 रुपये मिळूनही माणूस अपमानित होतो. तुमचे नियम घरात वाटणी करतात, पण वाटणी करताना घरच्यांशी बोलत नाहीत, हे माझे नियमांवरचे जुने गाऱ्हाणे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या उजाड माळावर वाडी वसवली, तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहाऱ्यावर ठेवले. कोणत्या नियमात बसत होते ते? ज्याला सारे गाव चोर म्हणते, त्याच्याच हाती कारखान्याच्या किल्ल्या दिल्या. त्या माणसांच्या अंगी जी निष्ठा आली, ती तुमच्या कोणत्याही वेतनश्रेणीने आणून दाखवावी.

येथे शेठजींचा आवाज अंमळ चढला होता, आणि त्यांचे बोलणे पोकळ नव्हते, हे त्यांच्या पेढीकडे पाहून कोणीही सांगेल. त्यांचा दिवाणजी तीसेक वर्षे एकाच गादीवर आहे. नेमणुकीचा कागद नाही, रजेचा अर्ज नाही, मुलीच्या लग्नाला मागितलेली उचल न मोजता मिळाली. शेठजी नागपूरला शस्त्रक्रियेसाठी पडून होते, तेव्हा ऐन हंगामातले सौदे त्याने एकट्याने उरकले आणि पैचा हिशेब चुकला नाही. भाऊसाहेबांस हे सर्व ठाऊक होते. म्हणूनच त्यांचे उत्तर मला अधिक कठोर वाटले.

भाऊसाहेब : तुमचा दिवाणजी सुखी आहे, कारण तुम्ही चांगले आहात. उद्या तुमच्या जागी तुमचे चिरंजीव बसले आणि त्यांना त्याचा चेहरा रुचला नाही, तर त्याने कोणाकडे दाद मागावयाची? चांगल्या मालकाच्या भरवशावर ज्याची उमेद टिकून आहे, त्याची उमेद त्या मालकाच्या प्रकृतीइतकीच टिकाऊ. सगळे आडते तुमच्यासारखे असते, तर 1969 साली माथाडी आणि हमालांसाठी कायदा करण्याची महाराष्ट्रावर पाळी आली नसती. पाठीवरचे ओझे मोजण्याचा आणि त्याचा दर ठरवण्याचा हक्क मालकाच्या मेहेरबानीतून काढून घ्यावा लागला, तेव्हा कुठे हमाल ताठ चालू लागला. मेहेरबानी घेणाऱ्याची मान वाकलेलीच असते. आपण तिला निष्ठा म्हणतो.

शेठजी : ठीक. मग तुमच्या कचेरीत ताठ मानेची माणसे किती आहेत ती मोजू. तेथे तर सगळे आहे! कोषागाराचा पगार आहे, दहा, वीस आणि तीस वर्षांची आश्वासित प्रगती आहे, 2005 च्या कायद्याने अधिकाऱ्याला एका जागी तीन वर्षे राहण्याची सोय आहे. त्याच कायद्यात कोणतीही नस्ती एका टेबलावर कामाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये असेही लिहिले आहे म्हणतात. माझ्या शेताच्या फेरफाराने मात्र तो कायदा वाचलेला दिसत नाही. तारीख मिळाली, हमी मिळाली, बढतीही घड्याळाच्या काट्यावर मिळाली. तरी तुमच्या माणसाच्या तोंडावर ती मरगळ कुठून येते?

या प्रश्नावर भाऊसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. ते संपकऱ्यांच्या पिढीतले. 1977-78 च्या हिवाळ्यात केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून राज्य कर्मचाऱ्यांनी र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली जो 54 दिवसांचा संप केला, त्यात नोकरीला जेमतेम वर्ष झालेले भाऊसाहेब पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत होते. सेवाशर्तींच्या बाजूने ज्याने उभे आयुष्य वाद घातला, त्याने त्या शर्तींचे अपुरेपण सांगावयाचे म्हणजे सोपी गोष्ट नव्हे.

भाऊसाहेब : मरगळीचे पहिले कारण अगदी साधे आहे. वाशीम जिल्हा इंग्रजांनी 1905 मध्ये मोडून अकोल्यात घातला होता, तो 1 जुलै 1998 रोजी पुन्हा झाला. पदे मंजूर झाली, पाट्या लागल्या. पण पुण्या-ठाण्याकडच्या अधिकाऱ्याला विदर्भातली नेमणूक ही शिक्षा वाटते, तो हजर होतो तोच बदलीचा अर्ज खिशात घेऊन. ज्या गावात आपण जन्मलो, ज्या कचेरीत आपण हौसेने काम करतो, ती आपल्या साहेबाच्या लेखी काळे पाणी आहे, हे रोज डोळ्यांनी पाहावयाचे. 2018 साली नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद यांच्या पंक्तीला वाशीम बसवले. नाव किती गोड! पण रिकाम्या खुर्चीचे काम शेजारच्या खुर्चीवर येऊन पडते, आणि शेजारच्या खुर्चीतला माणूस तेवढ्याच पगारात दोन दप्तरे ओढतो, हे कोणत्या यादीत येते?

दुसरे कारण मी आजवर कोणाला सांगितले नाही. एका तालुक्यात असताना, कोणत्या ते विचारू नका, अतिवृष्टीचे पंचनामे होते. तीन आठवडे मी घरी फक्त आंघोळीपुरता जात होतो. साहेब पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘भाऊ, तुमच्यामुळे निभावले.’ त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात काय लिहिले गेले, ते मला कळले नाही. कारण प्रतिकूल शेरा असेल तरच कळवावयाची रीत. प्रतिकूल नव्हता, एवढेच त्यावरून कळले. पुढे बढतीच्या यादीत माझे नाव मागे पडले, तेव्हा आस्थापना शाखेतला एक मित्र हळूच म्हणाला, ‘तुमचे शेरे साधारण आहेत.’ साधारण! साधारण म्हणजे प्रतिकूल नव्हे, म्हणून कळवावयाचे नाही. आणि उत्तम नव्हे, म्हणून वरही चढवावयाचे नाही. मला कोणी शिवी दिली असती तर मी अपील केले असते. तीन आठवड्यांच्या जागरणाला साधारण म्हणणाऱ्याविरुद्ध कोणत्या कलमाखाली जावयाचे?

शेठजी : तेव्हापासून तुम्ही पाच वाजता उठू लागलात.

भाऊसाहेब : पाचला पाच कमी असताना.

शेठजी : म्हणजे मालकाच्या नजरेवर आलातच की! एवढा वेळ तेच सांगतो आहे. माणूस पाहिला गेला पाहिजे.

भाऊसाहेब : पाहिला गेला पाहिजे, हे खरे, पण काय पाहिले ते त्याला दाखवलेही पाहिजे. तुमच्या नजरेत आणि माझ्या मागणीत हा फरक आहे. सीमा रस्ते सेवेत देव दत्त नावाचे एक कार्यकारी अभियंता होते. त्यांच्या बढतीला ‘अतिशय चांगला’ असा शेरा लागे, एका वर्षी नुसता ‘चांगला’ मिळाला, आणि तो प्रतिकूल नव्हे म्हणून त्यांना कळवलाच नाही. सुप्रीम कोर्टाने 2008 साली सांगितले, की प्रत्येक शेरा, बरा असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे आणि त्यावर त्याला म्हणणे मांडता आले पाहिजे. मी तो निकाल वाचला, तेव्हा माझ्या निवृत्तीला वर्ष उरले होते. पगारवाढीच्या शासन निर्णयाने मला जितका आनंद कधी झाला नाही, तितका त्या निकालाने झाला. आणि त्याचा मला कवडीचाही लाभ झाला नाही.

मध्येच मी, वाचलेले कोठे तरी खपवावे या लेखकाच्या व्यसनाने, शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याची कथा काढली. 1924 पासून 1932 पर्यंत तेथे प्रयोग चालले. दिवे उजळले तरी काम वाढले, मंद केले तरी वाढले. तेव्हा एल्टन मेयो आदी पंडितांनी असा निष्कर्ष काढला, की आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे ही जाणीवच कामगारांची उमेद वाढवून गेली. शेठजींनी आनंदाने मांडीवर थाप मारली. भाऊसाहेबांनी मात्र चष्मा पुसला. निवृत्तीनंतर त्यांचा बराच वेळ वाचनात जातो, याचा मला विसर पडला होता.

भाऊसाहेब : त्या कथेचा मागचा कागद कोणी उलटत नाही. ज्या पाच मुलींवर मुख्य प्रयोग झाला, त्यांची मजुरी आधी शंभरावर माणसांच्या गटाच्या कामावरून ठरे. प्रयोगात ती त्या पाचजणींच्याच कामावरून ठरू लागली. म्हणजे जिने हात चालवला, तिला त्याचे फळ दिसू लागले. आणि त्या पाचांतल्या दोघी फार बोलतात, सहकार्य करीत नाहीत, म्हणून 1928 च्या आरंभी बदलल्या गेल्या. लक्ष दिल्याने सगळ्या खूष झाल्या म्हणतात. ज्या खूष नव्हत्या, त्यांना आधी बाहेर काढले होते.

शेठजी : म्हणजे तेथेही कारण न देता?

भाऊसाहेब : कारण दिले असेलही. त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत आले नाही.

1959 साली हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्गकडच्या सुमारे दोनशे हिशेबनिसांशी आणि अभियंत्यांशी बोलून मांडले, की असंतोष दूर करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि कामात गोडी उत्पन्न करणाऱ्या वेगळ्या. वेतन, नियम, देखरेख या पहिल्या वर्गात. कर्तृत्व, त्याची दखल, जबाबदारी या दुसऱ्या. दोन्ही स्नेह्यांना आपापला निम्मा विजय देऊन वाद मिटवावयास हे सूत्र फार सोयीचे होते, म्हणूनच मी ते पुढे केले नाही. हिशेबनिसाची गोडी आणि पोते वाहणाऱ्याची गोडी एका मापाने मोजली जाते, यावर माझा विश्वास बसत नाही; शिवाय आमच्या भाऊसाहेबांचे साधारणपण या दोन्ही कप्प्यांच्या मधल्या फटीत पडले होते.

एवढ्यात शेठजींच्या नात्यातला एक तरुण दुकानात आला. तो एका सरकारी कचेरीत संगणकावर नोंदी करतो. खुर्ची सरकारची, काम सरकारचे, पगार मात्र ठेकेदार संस्थेचा. 6 सप्टेंबर 2023 च्या ज्या शासन निर्णयाने नऊ संस्थांमार्फत अशी भरती करावयाचे ठरले होते, तो ओरड झाल्यावर ऑक्टोबरात रद्द झाला. ही पद्धत मात्र त्याच्या आधीपासून होती आणि नंतरही राहिली. त्याचा दोन महिन्यांचा पगार थकला होता. कचेरी म्हणे संस्थेला विचार. संस्था म्हणे कचेरीने बिल मंजूर केलेले नाही.

शेठजी : तुझा साहेब कोण?

तरुण : कामापुरते तहसीलदारसाहेब, काका. पगारापुरता साहेब मी पाहिलेला नाही. फोनवर एक बाई बोलतात.

शेठजी : आणि काम चांगले केलेस तर?

तरुण : तर पुढल्या वर्षीही हेच काम मिळते. संस्था बदलली नाही तर.

दोघेही वृद्ध गप्प झाले. भाऊसाहेबांच्या शास्त्रात तारीख चुकवणारा कोणी तरी असतो, त्याच्या दारी धरणे धरता येते. शेठजींच्या शास्त्रात मालकाला डोळे असतात. या पोराच्या वाट्याला दोन्ही शास्त्रांतले काहीच आले नव्हते, आणि तरी तो सांगत होता, की गेल्या आठवड्यात सातबाऱ्याच्या नोंदींतली एक जुनी चूक त्याने आपण होऊन शोधून काढली. का शोधली, हे त्याला सांगता येईना. मला हे त्या सबंध बैठकीतले सर्वांत अवघड कोडे वाटले, आणि दोघांपैकी एकानेही त्याला हात घातला नाही.

शेठजी : सोड ते. उद्यापासून माझ्याकडे ये. दिवाणजी थकला आहे, हिशेब आता संगणकावर घ्यावयाचे आहेत.

तरुण : येतो काका. पण लेखी काही द्याल का?

शेठजींनी आयुष्यात कोणास नेमणुकीचा कागद दिला नव्हता. त्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिले. भाऊसाहेबांनी, जणू याच क्षणासाठी ते सबंध नोकरीभर टिपण्या लिहीत आले होते अशा तत्परतेने, वहीतला कोरा कागद फाडून घेतला. पगार दर महिन्याच्या 1 तारखेस, हे शेठजींनी मान्य केले. भविष्यनिर्वाह निधी, थोडी कुरकुर करून मान्य केला. वर्षातून एकदा कामाचा आढावा घेऊन तो मुलाला वाचून दाखवावा, हेही हसत हसत मान्य केले. चौथे कलम असे होते, की कामावरून कमी करावयाचे झाल्यास त्याचे कारण लेखी द्यावे आणि त्यावर मुलाचे म्हणणे ऐकून घ्यावे.

शेठजी : हे काढा.

भाऊसाहेब : का?

शेठजी : कारण मी तोंडी सांगेन. दहा माणसांसमोर सांगेन. पण लिहून देणार नाही.

भाऊसाहेब : मग बाकीची तीन कलमे कशाला लिहिली?

शेठजी : ती तुम्ही लिहिलीत. मी फक्त हो म्हटले.

तरुणाने कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि चौथ्या कलमाचे काय ठरते ते सोमवारपर्यंत कळवा, तोवर कचेरीतली नोकरी सोडत नाही, असे सांगून तो निघाला.